पवित्र पायऱ्यांवरील एक शब्द

रोम नगरीत लॅटरन महामंदिरासमोर 'स्काला सान्ता', म्हणजे पवित्र जिना, आहे. प्रभू येशू पिलातापुढे याच पायऱ्यांवरून गेला व संत हेलेनेने त्या जेरुसलेमहून रोमला आणविल्या, अशी परंपरा आहे. पायऱ्या 28 असून संगमरवरी आहेत; 1723 सालापासून त्यांवर लाकडी आच्छादन असते. 2019 साली जीर्णोद्धारानंतर मूळ दगड काही आठवडे भाविकांस खुला केला होता. हा जिना गुडघ्यांवरच चढावयाचा. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी बाजूस साधे जिने आहेत.

माझी थोरली अक्का दिवंगत भावजींच्या आत्म्यासाठी प्रार्थना करीत चढू लागली. निम्म्या वाटेवर तिचे गुडघे हटून बसले. डोळ्यांत पाणी आले. मी मागून म्हणालो, "अक्का, राहू दे. परत फिर."

शेजारी एक वृद्ध इटालियन बाई होती. तिने अक्काच्या हातावर हात ठेविला. "कोराज्जो!" म्हणजे धीर धरा. मग, "पेर्के नोन रिपोझियामो?" म्हणजे आपण थोडे का विसावू नये? दोघी थांबल्या. काही वेळाने ती हळूच म्हणाली, "सालियामो."

या भाषेचे व्याकरण मी थोडे शिकलो होतो. जवळच्या माणसास 'ये' म्हणताना इटालियन लोक 'व्येनी' म्हणतात, मान्य व्यक्तीस 'वेंगा', अनेकांस 'वेनीते'. परंतु क्रियापदाच्या अंती 'इयामो' आले की बोलणारा स्वतःही त्या कार्यात सामील होतो. 'अंदियामो', जाऊ या. मिस्सेत धर्मगुरू म्हणतात 'प्रेगियामो', आपण प्रार्थना करू या. नवल असे की, 'सालियामो' म्हणजे 'चढू या' आणि 'आपण चढतो' हेही. मराठीत रूपे दोन; तेथे एकच.

त्या माउलीने शब्द उच्चारला तेव्हा ती सूचना होती; दोघींचे गुडघे पुढच्या पायरीवर टेकले आणि ते विधान झाले. अक्काला इटालियन येत नव्हते, तरी तिला सारे समजले. दर पायरीस एक 'नमो मरिया' म्हणत त्या 'सांक्ता सांक्तोरुम' या पोपमहोदयांच्या पुरातन प्रार्थनामंदिरापाशी पोहोचल्या. मी शरमून मागोमाग गेलो.

वाचकहो, आपल्या गावीही कोणी आजाराने, कर्जाने वा दुःखाने निम्म्या पायरीवर थांबलेला असतो. 'धीर धर' एवढे दुरून सांगता येते. 'चल, आपण चढू या' असे म्हणावयाचे तर आपलेही गुडघे टेकावे लागतात.