जेवढे उभे आहे, तेवढे जपावे

उतारवयात दूरच्या प्रवासाला निघावे की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी निघत असेल. घरात पक्षाघातातून सावरणारे माणूस असले, तर उत्तर बहुधा ‘नको’ असेच येते. गेल्या उन्हाळ्यात माझे यजमान, मी आणि अलास्कात राहणारी आमची मुलगी असे तिघे केनेकॉट हे ओसाड गाव पाहून आलो. त्या गावाने शुश्रूषेविषयी जे शिकवले, ते आपल्याला सांगावेसे वाटते.

केनेकॉट हे तांब्याच्या खाणीचे गाव. १९०० साली दोन शोधकांना डोंगरकड्यावर हिरवा पट्टा दिसला. ते तांब्याचे खनिज निघाले. समुद्रकिनाऱ्यापासून १९६ मैलांचा लोहमार्ग १९११ मध्ये पूर्ण झाला आणि येथे इस्पितळ, शाळा, दुकान, डेअरी असा संसार थाटला गेला. पुढे उत्तम खनिज सरले. नोव्हेंबर १९३८ मध्ये शेवटची आगगाडी सुटली आणि गाव रिकामे झाले. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने त्याचा मोठा भाग आपल्याकडे घेतला.

सारे नवे करण्याचा हट्ट मात्र तेथे धरलेला नाही. दुकान आणि करमणुकीचे सभागृह यांची नीट दुरुस्ती झाली. चौदा मजली लाल लाकडी कारखान्याला आधार देऊन आणखी ढासळण्यापासून वाचवले. काही वास्तूंना मात्र त्यांच्या गतीने मातीत मिसळू दिले आहे.

यजमानांच्या आजाराला दोन वर्षे झाली. ‘हात पूर्वीसारखा कधी होणार?’ हा प्रश्न आमच्या घरी रोजचा. त्यांनी तेथील कर्मचाऱ्याला विचारले, “हे सगळे पुन्हा नव्यासारखे करणार का?” तो म्हणाला, “नाही. आहे ते पडू द्यायचे नाही, एवढेच.” यजमान माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हणजे माझं चाललंय तेच की!” कितीतरी महिन्यांनी ते मोकळेपणाने हसले.

याचा अर्थ व्यायाम सोडावा, असा कृपया घेऊ नका. पक्षाघातानंतर सुधारणा सावकाश, पण दीर्घकाळ होऊ शकते. परंतु ‘पूर्ववत’ या एकाच शब्दावर दृष्टी खिळली, की हाती आलेले दिसेनासे होते. सदऱ्याची गुंडी लावणे, कप धरणे, अशी लहान उद्दिष्टे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने ठरवावीत. रक्तदाबाच्या गोळ्या न चुकवणे हाही ढासळण्याआधी दिलेला आधारच होय.

आणखी एक गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. कारखान्याच्या माथ्यापासून चौदा मजले उतरत तो पाहता येतो. यजमानांना ते शक्य नव्हते. “तू जाऊन ये, मी बसतो हिच्याजवळ,” असे त्यांनीच म्हटले आणि मी गेले. खाली आले, तेव्हा सांगण्यासारखे त्यांच्याकडेही काही होते. समोरचे दगडमातीचे ढीग खाणीचा कचरा नव्हेत. त्या थराखाली हिमनदी आहे! आजारी माणसाला सतत ऐकून घ्यावे लागते. त्या दिवशी त्यांनी सांगितले आणि मी ऐकले.

आपण जाणार असाल, तर डॉक्टरांना आधी विचारा. शेवटचे ६० मैल खडीचा रस्ता आहे, मध्ये थांबत जा. मोटार नदीअलीकडे ठेवून पादचारी पुलावरून पलीकडे जावे लागते. पुढे सुमारे पाच मैल प्रवासी गाडी नेते. काठी, औषधे आणि उपचारांची लेखी नोंद हाताशी ठेवा; मोठे रुग्णालय फार दूर आहे.

अलास्का सर्वांनाच जमणार नाही. जवळचा एखादा किल्ला, जुना वाडा पाहायला आपल्या माणसाला न्या. चढणे जमेल तेवढे चढा, उरलेले खाली बसून पाहा. आणि आठवड्यातला एखादा तास दुसऱ्या कुणाला त्यांच्याजवळ बसवून स्वतःसाठी काढा. आधार देणारा खांबही जपावाच लागतो.