नंबर दिसला म्हणजे माणूस दिसला असं नाही

धान खरेदीचे आणि बोनसचे दिवस आले की आमगाव, सालेकसा, देवरीकडून मला स्क्रीनशॉट येतात : "भाऊ, हा नंबर कोणाचा हाय जी?" काही वर्षं फोनची सॉफ्टवेअर लिहायचं काम केलं, म्हणून लोक विचारतात. एकेकाला सांगण्यापेक्षा इथेच लिहितो.

कॉम्प्युटरला फोन जोडण्यासाठी मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी १९९३ मध्ये टॅपी नावाची पद्धत आणली. तिच्यात लाइनची ओळख वेगळी आणि त्या लाइनवर येणाऱ्या प्रत्येक कॉलची ओळख वेगळी. फोन करणाऱ्याचा नंबर म्हणजे कॉलसोबत आलेली फक्त एक नोंद. पलीकडून जे आलं तेच प्रोग्राम दाखवतो, खरं-खोटं तपासत नाही.

मोबाइलचंही तसंच. हँडसेटचा १५ अंकी आयएमईआय वेगळा (*#०६# दाबून बघा), सिमची ओळख वेगळी, नंबर वेगळा. बोलणारा माणूस कोण, हे यातलं एकही सांगत नाही. म्हणूनच परदेशातून फोन करून +९१ दाखवता येतं. असे कॉल अडवणारी यंत्रणा केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच १ कोटी ३५ लाख बनावट कॉल सापडल्याचं सरकारनेच सांगितलं.

बँकांसाठी आता १६०० ने सुरू होणारे नंबर आहेत, जाहिरातवाल्यांसाठी १४० चे. चांगली गोष्ट आहे. पण आपल्या शेतकऱ्याला येणारे कामाचे फोन कुठून येतात? धान खरेदी केंद्र, तलाठी, बरेचजण आपापल्या खासगी मोबाइलवरून बोलतात. त्यांचा फोन आणि ठगाचा फोन स्क्रीनवर सारखाच दिसतो.

माझ्या काकांनी मागच्या हंगामात असाच एक अनोळखी फोन उचलला नाही. सगळे सांगतात तेच त्यांनी केलं. तो फोन खरेदी केंद्राचा होता. मोजणीचा नंबर गेला, आठवडाभर पोती उघड्यावर पडली. ठगाने एक रुपया नेला नाही, तरी नुकसान झालंच ना जी?

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोणतं कार्यालय कोणत्या नंबरवरून फोन करतं, ती यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, ठरावच घ्या.

तोवर एवढं करा. पैसे, ओटीपी किंवा आधारची गोष्ट निघाली की फोन ठेवा आणि माहितीतल्या नंबरवर स्वतः फोन लावा. कोणी *४०१* लावून पुढे नंबर दाबायला सांगितलं तर दाबू नका, तुमचे कॉल त्याच्याकडे वळतील. संशयित कॉल संचार साथीवर कळवा. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

आपल्या गावात अशी यादी लागली आहे का? कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा.