बसतंय ना, मग झालं!

आमच्या साजगावचा विठोबा पंढरपूरच्या विठोबाइतका सोवळा नाही. कार्तिकी एकादशीला त्याची जत्रा भरते आणि जत्रेत सुक्या बोंबलांचे ढीग विकायला बसतात. म्हणून तो बोंबल्या विठोबा. इकडे टाळ-मृदंग, तिकडे बोंबील, आणि दोघांनाही एकमेकांची अडचण वाटत नाही. अशा गावात वाढलेल्या माणसाची ठाम समजूत होते की, जगात काहीही कशालाही जोडलं तरी चालतं.

त्यात शेजारच्या खोपोलीत टाटांनी 1915 साली घाटावरचं पाणी खाली आणून वीज केली आणि मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. त्यामुळे विजेच्या बाबतीत आम्हाला उगाचच माहेरचा अभिमान. सुगरणीच्या शेजारी राहून स्वयंपाक येत नाही, हे कळायला मला साठी उलटावी लागली.

झालं असं की, एकादशीच्या आदल्या संध्याकाळी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा अडॅप्टर सापडेना. अण्णांचं वय सत्त्याऐंशी. दिसतं कमी, ऐकू येतं त्याहून कमी. पण तंबोऱ्याला कान लावून बसले की हरिपाठ अजून सुरात म्हणतात.

प्रत्येक घरात असतो तसा आमच्याही घरी वायरींचा एक डबा आहे. मूळचा बिस्किटांचा. त्यातल्या अडॅप्टरांची यंत्रं केव्हाच भंगारात गेली; अडॅप्टर मात्र ‘असू दे, लागेल कधीतरी’ या पेन्शनवर जगताहेत. चौथ्या अडॅप्टरची पिन तंबोऱ्यात अशी चपखल बसली, की छत्तीस गुण जुळल्याचा आनंद झाला.

“अहो, त्यावर काय लिहिलंय ते वाचा तरी!” ही म्हणाली.

“बसतंय ना, मग झालं!” म्हणून मी बटण दाबलं.

तंबोऱ्याने ‘सा’ लावला नाही. कुठल्याच सप्तकात नसलेला ‘पट्’ असा एक स्वर लावला, आणि करपल्याचा वास आला.

अण्णांनी कान आणखी जवळ नेला. “लाव की रे,” म्हणाले आणि वाट बघत बसले. त्या मिनिटभरात मी जेवढा लहान झालो, तेवढा शाळेतसुद्धा कधी झालो नव्हतो. शेवटी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मीच ‘आऽऽ’ लावला. अण्णांनी मान डोलावली आणि हरिपाठ सुरू केला. पूर्ण होईपर्यंत माझा घसा चुन्याच्या डबीसारखा कोरडा पडला.

सकाळी तंबोरा आणि अडॅप्टर घेऊन खोपोलीच्या बाजारात दुरुस्तीवाल्याकडे गेलो. “काका, पिन बसली म्हणून लावलात ना?” त्याने न उघडताच निदान केलं. मग भिंग देऊन अडॅप्टरवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लावली. व्होल्ट तेवढेच हवेत. माझे नऊला नऊ होते. अँपिअर कमी नकोत, जास्त चालतात. पातेलं मोठं म्हणून कुणी जास्त जेवत नाही. पण शेजारी छापलेल्या छोट्या चित्रात प्लस आत होता, आणि तंबोऱ्याला तो बाहेर हवा होता. आमचा प्रवाह उलट्या दाराने शिरला होता.

“नशीब, दाराशी डायोड होता. उलटा करंट आला की तो स्वतः जळतो आणि आतल्यांना वाचवतो.” प्रत्येक घरात असा एक डायोड असतो. आमच्याकडचा “वाचा तरी” म्हणतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही.

मध्य रेल्वेने मुंबईत दीड हजार व्होल्ट डीसी सोडून पंचवीस हजार व्होल्ट एसी घ्यायचं ठरवलं, तेव्हा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आणल्या, वर्षानुवर्षं खपून 2016 साली काम पुरं केलं. मी ते पंधरा सेकंदांत उरकलं होतं.

संध्याकाळी नव्या डायोडचा, योग्य अडॅप्टरचा तंबोरा लागला. अण्णांनी कान लावला.

“आज सुरात आहे,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “कालचाही वाईट नव्हता रे. फक्त मधे मधे खोकत होता.”