वाळूखालचे गणगोत

आमच्या शेवगाव तालुक्यात गोदाकाठी मुंगी नावाचे गाव आहे. 'मुंगी-पैठण' ही जोडी आजोबांच्या तोंडी नेहमी असे. या गावाची आणखी एक ओळख मला कॉलेजात आल्यावर झाली. 1860 नंतरच्या दशकात भूगर्भ खात्याच्या विन साहेबांना इथे नदीच्या जुन्या थरात अकीक दगडाची एक धारदार पाती सापडली. ज्या थरात लुप्त जनावरांची हाडे, त्यातच माणसाच्या हातचे हत्यार! ओल्डहॅम यांनी 1868 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली.

तेव्हापासून नदी मला वेगळी दिसू लागली. याच गोदेच्या वरच्या अंगाला, नांदूर मधमेश्वरला, आजच्या हत्तीहून थोराड अशा हत्तीचे अवशेष निघाले. पिलग्रिम यांनी 1905 मध्ये त्यावर लिहिले. ऑस्ट्रेलियातला गेंड्याएवढा पिशवीवाला डायप्रोटोडॉन पुस्तकात भेटतो. ओवेन यांनी त्याला 1838 मध्येच नाव दिले. आपल्या दारातला हत्ती मात्र आपल्याला अनोळखी!

तो हत्ती निर्वंश झाला. त्याच्या काळातला लांब शिंगांचा रानबैल मात्र पुरता गेला नाही. शास्त्रज्ञ त्याला 'बॉस नमाडिकस' म्हणतात. आपले वशिंडाचे गाय-बैल त्याच्याच वंशातले. पोळ्याला आई ज्याच्या पायांवर पाणी घालते, त्याचा खापरपणजा नदीच्या गाळात दगड होऊन पडला आहे.

आणि ती वाळूच आता ट्रॉलीत भरून चालली आहे. माझा थोरला भाऊ वाळूच्या ट्रॅक्टरवर आहे. मी हे सारे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "हाडं वाचवायची का पोटं, ते सांग." मी गप्प राहिलो. दोन वर्षे पावसाने दगा दिला, तेव्हा माझी फी त्याच खेपांतून भरली गेली होती. ज्या पैशांवर मी इतिहास शिकतो, तो इतिहास उपसूनच येतो, हे कोणत्या तोंडाने नाकारू?

तरी एक मागणे मागितले. "दादा, हाडाच्या आकाराचा, पण दगडासारखा जड तुकडा दिसला तर बाजूला ठेवशील? जागाही ध्यानात ठेव. तुकड्याइतकीच जागाही मोलाची असते."

"दिवसाला किती दगड बघू रे?" तो म्हणाला.

पण नाही म्हणाला नाही.