चुनारगडचा तिलिस्म

काशीयात्रेस निघालेल्या माणसाच्या यादीत विश्वेश्वराचे दर्शन, पंचगंगेचे स्नान आणि परतताना गंगाजलाचे गडू एवढे असतेच. आमच्या यादीत आणखी एक नाव होते : चुनार. ब्रह्मघाटावरील ज्या मराठी कुटुंबात आम्ही उतरलो होतो, तेथील वृद्ध यजमानांना याचे नवल वाटले. "चुनारला काय आहे? मातीची भांडी हवी असतील तर ती येथेही मिळतात." आम्ही म्हणालो, "तिलिस्म पाहावयाचा आहे." तेव्हा ते मनापासून हसले. "म्हणजे तुमच्याही घरी 'चंद्रकांता' होती तर!"

होती. आमची आजी लग्न होऊन वाईहून इंदुरास आली, तेव्हा तिला हिंदीचा गंधही नव्हता. अक्षरे बाळबोध, म्हणून वाचता येत. अर्थ मात्र लागत नसे. शेजारणीने दिलेली 'चंद्रकांता' ती दुपारी ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली आणि पुस्तक संपेपर्यंत भाजीवाल्याशी हिंदीत भांडू लागली. पुढे 'चंद्रकांता संतति'चे २४ भाग घरी आले. त्यांतला सतरावा कोणी वाचावयास नेला, तो परत आला नाही. आम्हां मुलांना गोष्ट सांगताना सोळाव्यानंतर ती जराही अडखळत नसे. सतरावा भाग तिने स्वतःच रचला होता.

वाराणसीपासून चुनार सुमारे ४० किलोमीटर. वाटेत विंध्याच्या टेकड्या दिसू लागतात आणि या कादंबऱ्यांचा कर्ता आठवतो. बाबू देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ सालचा, आजोळी, बिहारातील पूसा येथे. घराणे मूळचे पंजाबकडचे, पुढे काशीकर झालेले. काशीनरेशांच्या कृपेने त्यांना चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका मिळाला. ठेकेदाराने जंगलात लाकूड मोजावे. पण देवकीनंदनांचे लक्ष दऱ्या, धबधबे आणि झाडीत बुडालेले पडके वाडे यांकडेच अधिक असावे. पुढे ठेका सुटला. हातची मिळकत गेली आणि पदरी राहिली ती एवढी भटकंतीच. त्या भांडवलावर १८८८ च्या सुमारास, वयाच्या सत्ताविशीत, त्यांनी 'चंद्रकांता' लिहावयास घेतली.

नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता आणि दोघांच्या आड येणारा चुनारचा राजा शिवदत्त. स्थळे खरी, राजे कल्पनेतले. त्यांच्या भोवती ऐयार, म्हणजे वेषांतरात निष्णात असे हेर. त्यांच्या बटव्यात बेशुद्ध करणारी बुकटी आणि शुद्धीवर आणणारा लखलखा. या सर्वांच्या तळाशी तिलिस्म : पूर्वजांनी बांधलेले, यंत्रांनी राखलेले असे गुप्त भुयार, की ज्याच्या नावे ते बांधले असेल त्याच्याच हातून फुटावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. खत्रींच्या तिलिस्मात भूत नाही, मंत्र नाही. पडक्या वाड्यातला बगळा माणसे गिळतो खरा. पण त्या गिळण्यामागे कळ आणि यंत्र असते आणि लेखक पुढे ते उलगडून सांगतो. अद्भुताला कारण असलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. या गोष्टी असंभवनीय आहेत असा आक्षेप टीकाकारांनी घेतला, तेव्हा 'संतति'तच त्यांनी त्याला उत्तर दिले.

लेखकाची खरी कसोटी मात्र पुढेच होती. 'चंद्रकांता' चार भागांत संपली, पण वाचक संपू देईनात. १८९४ च्या सुमारास सुरू झालेली 'संतति' दहाएक वर्षे चालली. भागामागून भाग छापला जात असता मागे वळून काही खोडता येत नाही. पाचव्या भागात बंद केलेले दार पंधराव्यात उघडावे लागते. कोण कोणाच्या वेषात आहे हे वाचक विसरला तरी लेखकाला विसरून चालत नाही. अशा वेळी ठेकेदारीतील वहीची सवय कामास आली असावी, असे आम्हांस वाटते. पात्रेही ऐकेनाशी होतात. भूतनाथ नावाचा, पूर्वायुष्य काळवंडलेला एक ऐयार 'संतति'त शिरला आणि इतका वाढला, की त्याची जीवनकथा सांगण्यासाठी स्वतंत्र कादंबरी आरंभावी लागली. दरम्यान १८९८ मध्ये खत्रींनी काशीत स्वतःचा 'लहरी प्रेस' काढला होता.

भाषा त्यांनी मुद्दाम बोलण्यातली, सोपी ठेवली. कचेऱ्यांत नागरी लिपीला मुभा मिळाली ती १९०० साली. त्याआधीच या पुस्तकांनी उर्दू जाणणाऱ्या कित्येकांना नागरी वाचावयास लावले होते. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी या कादंबऱ्यांना उच्च साहित्याचे स्थान दिले नाही. पण हिंदीला इतके वाचक दुसऱ्या कोणी मिळवून दिले नाहीत, हे त्यांनीही मान्य केले. त्या वाचकांत वाईची एक सून होती, हे त्यांस ठाऊक असण्याचे कारण नाही.

गड समोर आला. गंगेत पाऊल टाकल्यासारखा खडक, म्हणून जुने नाव चरणाद्रि. याच परिसरातील वालुकाश्मातून सारनाथचा सिंहस्तंभ घडला, जो आज आपल्या राजमुद्रेवर आहे. शेरशहा, हुमायून, अकबर आणि मग इंग्रज असे धनी या गडाने पाहिले. वर भर्तृहरीची म्हणून दाखवितात ती समाधी, सोनवा मंडप आणि खोल बावडी. बावडीच्या पायऱ्या काळोखात उतरतात. तळाचे पाणी दिसण्याआधी त्याचा गारवा लागतो. खत्रींनी नवे काही रचले नसून पाहिलेल्यालाच कळ बसवली, असे तेथे उभे राहिल्यावर वाटले.

पण याच तटावर आम्हांस दुसरीही एक आठवण झाली. दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ साली ठाण्याच्या तुरुंगातून निसटले. भिंतीबाहेर घोड्याची चाकरी करणारा एक मोतद्दार मराठीत गाणी म्हणे. त्या गाण्यांत बेत गुंफलेला असे आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातले अक्षर कळत नसे. कोणत्याही ऐयाराने मान लववावी अशी ही करामत! १८१८ मध्ये ते पुन्हा पकडले गेले आणि त्यांस चुनारला आणले. येथे मराठी गाणे कळणारा भिंतीबाहेर कोण असणार? १८२९ मध्ये ते याच गडावर वारले. कादंबरीतला चुनारचा तिलिस्म फुटतो. खरा चुनार त्रिंबकजींना फुटला नाही. त्यांची कोठडी म्हणून दाखविण्याजोगे आम्हांस काही आढळले नाही. आम्ही नदीकडच्या तटावर थोडा वेळ उभे राहिलो आणि मनात नमस्कार करून खाली उतरलो.

खत्रींनाही आपला शेवटचा दरवाजा उघडता आला नाही. 'भूतनाथ'चे सहा भाग लिहून १९१३ साली ते निवर्तले. उरलेले पंधरा भाग पुत्र दुर्गाप्रसाद यांनी लिहून ग्रंथ पुरा केला. पुढे 'रक्तमंडल', 'सफेद शैतान' यांसारख्या कादंबऱ्यांत त्यांनी विज्ञानातील शोध आणि क्रांतिकारकांची साहसे एकत्र आणली. बापाच्या कळी-यंत्रांतून मुलाची प्रयोगशाळा निघाली म्हणावयाची. एकाचे अपुरे राहिलेले दुसऱ्याने पुरे करावे, यात घराण्याची शोभाच आहे.

परतताना काशीच्या एका दुकानात 'संतति'ची नवी आवृत्ती मिळाली. आता चार-चार भाग एका जिल्दीत बांधलेले असतात; त्यांतली पाचवी जिल्द तेवढी घेतली. गाडीतच सतरावा भाग वाचून काढला. आजी सांगे त्यातले त्यात काहीही नव्हते. ती जिल्द घरी सोळाव्या आणि अठराव्या भागांच्या मध्ये ठेवली आहे. नातवंडे गोष्ट ऐकावयास बसतात, तेव्हा सोळाव्यानंतर आम्ही क्षणभर थांबतो. पुढे कोणता सतरावा सांगतो, ते येथे लिहीत नाही.