हलका हात

आपल्याकडे दुखण्यावरचा इलाज जोराचा असतो. पाठ धरली की घरातल्या पोराला पाठीवर उभं करून तुडवून घ्यायचं, उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याचा पाय लावून घ्यायचा. त्यामुळे माझ्याकडे येणारा रुग्ण टेबलावर पालथा पडायच्या आधीच सांगतो, "मॅडम, चांगला जोर लावा. मला सोसतं." दुखल्याशिवाय गुण येत नाही, यावर त्याचा पक्का विश्वास असतो.

फिजिओथेरपीच्या शिक्षणातही जोराला मान होता. शेक द्या, करंट लावा, मग सांधा ताणा आणि तो किती अंश हलला ते लिहून ठेवा. दवाखान्यात मिळवलेले अंश दुसऱ्या दिवशी निम्मे परत गेलेले दिसायचे. ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलँड यांनी सांधा हलवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यातली पहिली अगदी इवलीशी हालचाल, अडथळा जाणवायच्या कितीतरी अलीकडे थांबणारी. दुखरा सांधा शांत करायला ती वापरतात. परीक्षेपुरती पाठ केलेली ही पायरी मला खरी कळली ती आखडलेल्या खांद्यांमुळे.

खांदा आखडणं मधुमेह्यांत जास्त दिसतं. वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा निघत नाही, त्या कुशीवर झोप नाही. अशा एका काकूंचा हात मी कोपराखाली आणि मनगटाखाली आधार देऊन उचलला. "काकू, हात सैल सोडा." "सोडलाय की!" मी माझे हात हळूच काढून घेतले. त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला. त्या स्वतःच बघत राहिल्या. सोडलाय असं त्यांना मनापासून वाटत होतं, पण खांद्याभोवतीचे स्नायू पहाऱ्यावर होते. अशा वेळी ओढलं की पहारा आणखी कडक होतो. मी पुन्हा आधार दिला, वजन तोलून धरलं आणि काहीच केलं नाही. काही वेळाने हात जड झाला. स्नायू सुटले की हाताचं खरं वजन आपल्या तळव्यावर येतं. मग बोटभर हलवायचं, थांबायचं, पुन्हा हलवायचं.

याला नुसत्या अनुभवाचा आधार नाही. 2004 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 77 रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाचा खांदा वेदनेच्या पलीकडे ताणला, दुसऱ्याला दुखेल तिथे थांबून व्यायाम करायला सांगितले. दोन वर्षांनी हळुवार गटातल्या 89 टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत होता, जोराच्या गटात 63 टक्के.

हलक्या हाताच्या शोधात मी क्रेनिओसेक्रल थेरपीही शिकले. अमेरिकन ऑस्टिओपॅथ जॉन अपलेजर यांनी ती रुजवली. दाब पाच ग्रॅमचा, म्हणजे साधारण दोन रुपयांच्या नाण्याच्या वजनाचा. तिथे मी हात स्थिर ठेवायला शिकले. मात्र कवटीची हाडं आणि मेंदूभोवतीचं पाणी एका विशिष्ट लयीत हलतं आणि ती लय बोटांना कळते, हा त्यांचा दावा मी रुग्णाला सांगत नाही. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत तीन फिजिओथेरपिस्टनी त्याच रुग्णांची लय मोजली आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळलेच नाहीत. त्यापेक्षा त्वचेचं शास्त्र मला जवळचं वाटतं. सेकंदाला काही सेंटिमीटर अशा संथ, उबदार स्पर्शाला प्रतिसाद देणारे वेगळे मज्जातंतू आपल्या त्वचेत असतात. शरीर सैलावतं त्यात त्यांचाही वाटा असावा.

अशा उपचारांना हल्ली 'होलिस्टिक' म्हणतात. माझ्यापुरता त्याचा अर्थ साधा आहे. हात खांद्यावर असताना विचारायचं, झोप लागते का? साखर किती आहे? घरात पाण्याची कळशी कोण उचलतं? सुनेचं बाळंतपण, रात्रीची जागरणं, राहून गेलेली औषधं, सगळं त्या टेबलावर बाहेर येतं आणि उपचार त्याप्रमाणे बदलतात.

हलका हात सगळीकडे चालत नाही. गुडघ्याचा सांधा बदलल्यावर पहिल्या आठवड्यांत तो वाकवावाच लागतो, थोडं सोसावं लागतं. रात्री न थांबणारी वेदना, ताप, पायातली शक्ती जाणं, अशा वेळी तर हात न लावता डॉक्टरकडे पाठवायचं.

"नुसता हात ठेवायचे एवढे पैसे?" असं विचारणारेही भेटतात. प्रश्न रास्त आहे. हाताने मिळवलेली सवड फार टिकत नाही. तेवढ्यात रुग्ण स्वतः हात भिंतीवरून वर सरकवायला शिकला, तरच ती कामी येते. म्हणून निम्मा वेळ मी व्यायाम करून घेण्यात घालवते. एखादी बाई 'तुमच्या हाताशिवाय बरंच वाटत नाही' म्हणत वर्षभर येत राहिली, तर मला ते कौतुक वाटत नाही. तिला तिचा खांदा अजून परत मिळालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.