समासांतील शेरा

राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाट तोंडपाठ म्हणतात. परंतु एखाद्या शिंप्याचा पणजोबा कोण होता, हें सांगावयास भाट येत नाहीं. त्यासाठीं सरकारी कारकुनाची वाट पाहावी लागते. जर्मनींत हा कारकून बहुतेक ठिकाणीं उशिरांच आला. ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावर फ्रेंचांचा अंमल बसल्यावर, म्हणजे १७९८ पासून, जन्म, विवाह व मृत्यु यांची नोंद सरकारी दप्तरांत होऊं लागली होती. इतर बहुतेक मुलुखांत मात्र हें काम धर्मोपदेशकांच्या हातीं राहिलें. आणि त्यांच्या वहींत साहजिकच जन्मापेक्षां बाप्तिस्म्याचें महत्त्व अधिक. पुढें बिस्मार्कचा कॅथॉलिक धर्मपीठाशीं झगडा जुंपला, आणि प्रशियानें १ ऑक्टोबर १८७४ पासून व सबंध साम्राज्यानें १ जानेवारी १८७६ पासून हें दप्तर ‘श्टांडेसआम्ट’ नामक नोंदणी-कचेरीच्या स्वाधीन केलें.

या दप्तराशीं आमचा संबंध आला तो आमच्या सूनबाईंमुळें. त्यांचें माहेर बर्लिनचें. आपल्या मुलांसाठीं आईकडील घराण्याची वंशावळ तयार करावी, असें त्यांच्या मनानें घेतलें. परंतु जुन्या नोंदी ज्या वळणाच्या लिपींत आहेत ती त्यांस वाचतां येईना. मोडी कागदापुढें आजच्या मराठी मुलाची जी गत होते तीच ही. आम्हीं तरुणपणीं हौसेनें जर्मन शिकलों होतों, व सेवानिवृत्तीमुळें वेळही हाताशीं होता. तेव्हां ती लिपी शिकण्याचें काम आम्हीं पत्करलें. ‘न’ व ‘ए’ हीं अक्षरें तींत जुळ्या भावांसारखीं दिसतात, पण महिन्याभरांत ओळख पटूं लागते. २००९ पासून अमलांत असलेल्या कायद्यानें जन्माची वही ११० वर्षांनीं, विवाहाची ८० वर्षांनीं व मृत्यूची ३० वर्षांनीं अभिलेखागारांत सर्वांस खुली होते. आम्हांस हवीं असलेलीं पानें त्या मुदतींत बसत होतीं.

या नोंदींची भाषा रुक्ष असते; छापील नमुना आणि मधल्या रिकाम्या जागांत कारकुनाचें अक्षर. अमुक इसम आज समक्ष हजर झाला, त्याचा धंदा हा, राहणें या रस्त्यावर, धर्म हा. त्यानें सांगितलें कीं, त्याच्या पत्नीस अमुक दिवशीं, अमुक वाजतां मूल झालें. आठवड्याच्या आंत हें सांगणें भाग असे. खालीं सही, आणि लिहितां येत नसल्यास तीन फुल्या. सूनबाईंच्या पणजीचा जन्म १८७९ चा, तिच्या धाकट्या बहिणीचा १८८१ चा. बाप शिंपी, धर्म ‘मोझेसचा’, म्हणजे यहुदी. दोन्ही खेपेस त्यानें सही केली आहे, व धाकटीच्या नोंदींत सकाळचे सव्वानऊ ही वेळ अक्षरांत लिहिली आहे.

पणजीनें १९०४ मध्यें एका ख्रिस्ती गृहस्थाशीं विवाह केला. सरकारी नोंदणी येण्यापूर्वीं प्रशियांत असा विवाह, दोघांपैकीं एकानें धर्म सोडल्यावांचून, होऊं शकत नसे. आतां कारकुनासमोर सह्या केल्या म्हणजे झालें. ज्या दप्तराचा जन्म राजकीय भांडणांत झाला, त्यानें एका शिंप्याच्या मुलीस आपल्या मनाजोगा नवरा करण्याची मुभा दिली, हें वाचून आम्हांस मोठा संतोष वाटला.

तो संतोष समासाकडे दृष्टि जाईपर्यंतच टिकला. नोंद एकदां झाली कीं तींत खाडाखोड करावयाची नाहीं, जें पुढें घडेल तें समासांत लिहावयाचें, असा तेथील रिवाज. बापानें मागाहून पितृत्व कबूल केलें, नांव दुरुस्त झालें, तर शेरा तेथें पडतो. १९३३ नंतर सरकारी नोकरीसाठीं आजाआजींचे दाखले मागण्यांत येऊं लागले, आणि ज्या वह्यांनीं लग्नें जुळविलीं त्याच माणसें वेगळीं काढण्याच्या कामीं लागल्या. ऑगस्ट १९३८ च्या हुकुमानें १ जानेवारी १९३९ पासून यहुदी पुरुषांस ‘इस्राएल’ व स्त्रियांस ‘सारा’ हें जादा नांव सक्तीचें झालें. कांहीं ठराविक नांवें असलेल्यांस तेवढी सूट होती. दोघी बहिणींच्या जन्मनोंदीशेजारीं तो शेरा आहे. साठीच्या उंबरठ्यावरील बायकांचें हें बारसें! अक्षर सुरेख आहे. कारकुनाचा हात कोठेंही कांपलेला नाहीं. त्याखालीं युद्धानंतरचा दुसरा शेरा: वरील शेरा रद्द समजावा.

पणजीचा नवरा ख्रिस्ती होता म्हणून ती वांचली. १९५१ मधील तिच्या मृत्यूच्या नोंदींत दिवस आहे, वेळ आहे, खबर देणाऱ्या मुलीची सही आहे. धाकटी अविवाहित होती. १९४२ मध्यें तिला पूर्वेकडे नेण्यांत आलें, आणि तिच्या मृत्यूची खबर देण्यास कोणत्याही कचेरींत कोणी हजर झालें नाहीं. युद्धानंतर न्यायालयानें तिला मृत ठरविलें व तारीख धरली ८ मे १९४५, म्हणजे युरोपांतील युद्ध संपल्याचा दिवस. अशा पुष्कळांस हीच तारीख मिळाली आहे. जिच्या जन्माची वेळ पाव तासापर्यंत नेमकी लिहिली, तिच्या मरणाचा दिवस कायद्याच्या सोयीनें ठरवावा लागला.

वंशावळ लिहितांना आमच्या घरांत यावर बरीच चर्चा झाली. आमचे चिरंजीव म्हणाले, कागदावर आहे ती तारीख लिहावी. सूनबाईंस तें पटेना; तारीख लिहिली कीं, ती त्या दिवशीं घरच्या अंथरुणांत वारली असें मुलें समजतील. अखेर त्यांनींच निर्णय केला. नांव बापानें सांगितलें होतें तेवढेंच घातलें. जन्मापुढें सकाळचे सव्वानऊ लिहिले. मृत्यूचा रकाना कोरा ठेवला, आणि त्याच्या शेजारीं, समासांत, १९३९ पासूनची सर्व हकीकत मुलांस समजेल अशा सोप्या मराठींत लिहून काढण्यास आम्हांस सांगितलें.